विहीर कोणाची?



आपल्या युवक मंडळाने यंदाच्या प्रायश्चित्तकाळासाठी पॅरिश कौन्सिलकडे एक प्रस्ताव दिला आहे. चाळीस दिवस बाहेरचे खाणे, सिनेमा आणि इतर चैनीचा खर्च टाळायचा, वाचलेली रक्कम एकत्र करायची आणि धर्मप्रांताच्या मिशन कार्यालयामार्फत ती आफ्रिकेतील एखाद्या गावाच्या पिण्याच्या पाण्यासाठी पाठवायची, असा हा प्रस्ताव आहे. त्यावर धर्मग्रामात दोन मते आहेत आणि दोन्ही मते माझ्यापर्यंत पोहोचली आहेत. म्हणून या रविवारी या पानावर थोडा सविस्तर विचार करावा असे वाटले. प्रश्न पैशांचा दिसतो, पण मुळात तो नीतीचा आहे. ज्याला आपण कधी पाहिले नाही आणि बहुधा पाहणारही नाही, त्याचे आपण काही देणे लागतो का? आणि लागत असू, तर ते कसे द्यावे?

पहिला आक्षेप ज्येष्ठ मंडळींचा आहे आणि तो मनापासूनचा आहे. आपल्याच पालघर जिल्ह्यात, जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर, उन्हाळ्यात बाया डोक्यावर हंडे घेऊन पाण्यासाठी पायपीट करतात. घरचे सोडून दारचे कशाला, असे ते विचारतात. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात या प्रश्नाचा विचार केला होता. प्रीतीलाही क्रम असतो, असे ते सांगतात. आईवडील, मुलेबाळे, शेजारी, गावकरी यांचा आपल्यावर पहिला हक्क आहे. जगावर प्रेम करतो म्हणणाऱ्याने स्वतःच्या म्हाताऱ्या आईकडे पाठ फिरवली, तर त्याच्या प्रेमाला अर्थ नाही. इथपर्यंत आपले ज्येष्ठ आणि संत थॉमस यांचे एकमत आहे. पण संत थॉमस पुढे एक अपवाद सांगतात. परका माणूस अगदी निकराच्या गरजेत असेल आणि आपला स्वतःचा बाप तशा गरजेत नसेल, तर आधी परक्याला मदत करावी. म्हणजे नाते किती जवळचे आणि गरज किती मोठी, या दोन्ही गोष्टी तोलून पाहायच्या असतात. तहानलेल्या मुलाची गरज कोणत्या बाजूला पडते, हे मी वेगळे सांगायला नको.

या आक्षेपाला एका मुलीने जे उत्तर दिले तेही इथे नोंदवतो. ती म्हणाली, "काका, तुमचं बरोबर आहे. पण आपण मोखाड्याला तरी कधी पैसे पाठवले?" जवळच्या गरिबाचे नाव आपण पुष्कळदा दूरच्या गरिबाला टाळण्यासाठी घेतो आणि मग जवळच्यालाही विसरतो. उलट, ज्याला दूरची तहान कळली त्याला घराजवळचे पाणीही दिसू लागते. आपल्या पूर्वजांनी वाड्यांतून बावखले खणली आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांवर बागायत केली. ती आपल्या डोळ्यांदेखत मातीने बुजवली जात आहेत. आफ्रिकेतील पाण्यासाठी उपवास करणारी मुले उद्या आपल्याला बावखलाबद्दल जाब विचारतील. तो आपण ऐकून घ्यायला हवा.

शिवाय दूरच्यासाठी देणे ही ख्रिस्तसभेत नवी गोष्ट नाही, आणि ते पुष्कळदा तरुणांनीच सुरू केले आहे. फ्रान्समधील लियों शहरात १८१९ च्या सुमारास पोलीन जारिको नावाची वीस वर्षांची एक मुलगी होती. तिने रेशीम कारखान्यांत राबणाऱ्या मुलींकडून आठवड्याला एक सू, म्हणजे अगदी चिल्लर नाणे, गोळा करायला सुरुवात केली. दहा जणींमागे एक जण गोळा करणार, दहा गटांमागे आणखी एक जण पाहणार, अशी तिची साधी व्यवस्था होती. तो पैसा दूरदेशीच्या मिशनकार्यासाठी जात असे. त्यातूनच १८२२ साली श्रद्धाप्रसारासाठीची संस्था उभी राहिली. मिशन रविवारी आपण पेटीत जे टाकतो त्याचे मूळ त्या कामगार मुलींच्या नाण्यांत आहे. २२ मे २०२२ रोजी लियोंमध्ये पोलीनला धन्यवादित घोषित करण्यात आले. देणाऱ्या त्या मुली स्वतः गरीब होत्या, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आणि आपण? आपण पुष्कळ काळ घेणारे होतो. चर्चच्या मदतसंस्थांमार्फत परदेशांतून आलेली दूध पावडर आणि धान्य महाराष्ट्रातल्या अनेक मिशन शाळांतून वाटले जाई. १९७२ च्या दुष्काळातली सुकडी आणि अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो नगर, जालना, बीड भागातल्या वयस्क माणसांना अजून आठवतो. त्या मदतीने माणसे जगली, हे आपण कृतज्ञतेने सांगितलेच पाहिजे. पण धान्यासाठी धर्म घेतला, असा टोमणा त्याच काळात अनेक ख्रिस्ती कुटुंबांनी ऐकला. मदत घेताना पोट भरते आणि मान खाली जाते, हा अनुभव आपल्या समाजाला आहे. आता आपल्या घरांत चार पैसे आले आहेत आणि आपली मुले देणारी होत आहेत. म्हणून दुसरा प्रश्न, कसे द्यावे हा, मला पहिल्यापेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो.

युवक मंडळाने कॅनडातील रायन रेल्याक याचे उदाहरण दिले होते. १९९८ साली, वयाच्या सहाव्या वर्षी, जगात कित्येक मुलांना स्वच्छ पाणी मिळत नाही हे त्याने शाळेत ऐकले. घरातली कामे करून त्याने ७० डॉलर जमवले. तेवढ्यात विहीर होत नाही, सुमारे २,००० डॉलर लागतात, असे कळल्यावरही तो थांबला नाही. १९९९ साली उत्तर युगांडातील अंगोलो गावच्या प्राथमिक शाळेत त्याची बोअरची विहीर झाली. पुढच्या वर्षी तो स्वतः तिथे गेला. त्या गावातला एक मुलगा त्याचा पत्रमित्र झाला होता. युद्धामुळे त्या मुलावर जीव वाचवून पळण्याची वेळ आली तेव्हा रायनच्या कुटुंबाने त्याला आपल्या घरी आश्रय दिला. २००१ साली रायनच्या नावाने संस्था स्थापन झाली आणि ती आजवर अनेक देशांत काम करत आली आहे. पुष्कळांना या गोष्टीतले सत्तर डॉलर आठवतात. मला तो पत्रमित्र अधिक मोलाचा वाटतो. तिथे विहिरीच्या दोन्ही बाजूंना माणसे होती आणि दोघांना एकमेकांची नावे ठाऊक होती.

सगळ्या विहिरींचे असे होत नाही. ग्रामीण पाणीपुरवठ्यावर काम करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय जाळ्याने २००९ साली सहाराच्या दक्षिणेकडील देशांतल्या हातपंपांविषयी अंदाज प्रसिद्ध केला. १०० पैकी सुमारे ३६ पंप बंद होते. यातले पुष्कळ पंप कोणा ना कोणा सज्जनाच्या देणगीतून बसलेले असणार. बसवला त्या दिवशी गाणी झाली असतील, फोटो निघाले असतील. मग आतला वॉशर झिजला, पाइप गंजला, सळई तुटली. सुटा भाग शंभर मैलांवर, दुरुस्ती कोणाला येत नाही, खर्चाला फंड नाही. गावकरी म्हणाले, पंप त्या संस्थेचा आहे, तीच बघेल. संस्था म्हणाली, आम्ही तो गावाला दिला आहे. दोघांच्या मध्ये पंप गंजत राहिला आणि बाया पुन्हा डबक्याकडे वळल्या. दान तर झाले होते, पण ती विहीर कोणाची झाली होती?

हे दुखणे आपल्या देशानेही भोगले आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरच्या दुष्काळांनंतर भारतात कठीण खडकात यंत्राने बोअर खणले जाऊ लागले आणि त्यांवर परदेशी नमुन्याचे ओतीव लोखंडी पंप बसवले गेले. ते एका कुटुंबाच्या वापरासाठी बनलेले होते. अख्खे गाव दिवसभर उपसू लागल्यावर ते टिकेनात. १९७० च्या दशकाच्या मध्यात झालेल्या पाहणीत सुमारे तीन चतुर्थांश पंप बंद आढळले. यावर उपाय निघाला तो आपल्या महाराष्ट्रात. जालन्याला मिशनच्या कामातून आणि नंतर सोलापूरला अधिक मजबूत पंप तयार झाले. सोलापूरच्या पंपावरून युनिसेफ आणि भारत सरकार यांच्या प्रयत्नांतून 'इंडिया मार्क टू' हा पंप घडला. साधा, दणकट, कोणत्याही लहान कारखान्यात बनवता येईल असा. पुढे तो आफ्रिकेत गेला. युगांडाने त्याच्याच नमुन्यावर आपला 'यू-टू' पंप ठरवला. म्हणजे आपली मुले ज्या खंडाला पाणी देऊ पाहतात, तिथल्या असंख्य गावांत सोलापूरच्या कारागिरीचा वारसा आधीच पाणी उपसतो आहे.

पण केवळ चांगल्या पंपाने काम भागले नाही. गावातला एक माणूस देखभालीसाठी नेमावा, त्याच्यावर तालुक्याचा मेकॅनिक असावा, मोठ्या कामासाठी जिल्ह्याचे पथक असावे, अशी व्यवस्था करावी लागली. १९९० च्या दशकात उत्तर प्रदेशातील बांदा जिल्ह्यात दलित आणि आदिवासी स्त्रिया पाने घेऊन पंपदुरुस्ती शिकल्या. ज्यांच्या हातचे पाणी गावाने एकेकाळी नाकारले असते, त्याच हातांनी गावाचा पंप चालू ठेवला. विहीर गावाची झाली याची याहून चांगली खूण मला सांगता येणार नाही. आपल्या नगर भागात येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी पाणलोटाचे जे काम उभे केले, त्यातही गावाने आधी श्रमदान करावे, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळावी, असा आग्रह होता. गावाचा घाम त्यात मिसळला म्हणून गावाने ते काम आपले मानले.

याच्या नेमक्या उलट टोकाची टीका एका धर्मगुरूनेच केली आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेतील कॅथोलिक विद्यार्थी सुटीत मेक्सिकोच्या खेड्यांत सेवेसाठी जात. १९६८ च्या एप्रिल महिन्यात फादर इवान इलिच यांना त्यांच्यापुढे बोलायला बोलावले होते. इलिच यांनी त्यांची स्तुती केली नाही. तुमचे हेतू चांगले असतील, पण इथे तुमचा उपयोग नाही, असे त्यांनी तोंडावर सांगितले. तुम्हाला इथली भाषा येत नाही, त्यामुळे लोक तुमच्याविषयी काय म्हणतात तेही तुम्हाला कळत नाही. पाहायला या, शिकायला या, पण उपकार करायला येऊ नका, असा त्यांचा रोख होता. तरुणांना ते किती लागले असेल, याची कल्पना करता येते.

इलिच यांचे म्हणणे मला अर्धे पटते. ज्याला 'नको' म्हणण्याची मोकळीक नाही, त्याला दिलेली मदत ही मदत राहत नाही. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी १७९७ च्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात हेच वेगळ्या तऱ्हेने मांडले आहे. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून दात्याने आपण काही विशेष करत नाही, केवळ देणे असलेले देतो आहोत, असे वागावे. कांट आणखी एक बोचरी शंका काढतात. एकाकडे खूप आणि दुसऱ्याकडे काहीच नाही, ही स्थिती पुष्कळदा अन्यायातून आलेली असते. मग श्रीमंताच्या मदतीला दान तरी म्हणावे का? पोप सोळावे बेनेडिक्ट यांनीही 'देव प्रीती आहे' या २००५ च्या परिपत्रकात बजावले आहे की दानाने दुसऱ्याचा अपमान होऊ नये, आणि त्यासाठी देणारा स्वतः त्या दानात हजर असला पाहिजे.

मात्र इलिच यांचे उरलेले अर्धे म्हणणे मला पटत नाही. श्रीमंत माणूस आणि लाझर यांचा दाखला आठवा. त्या श्रीमंताने लाझरचा अपमान केला, त्याला चुकीची मदत केली, असे शुभवर्तमानात कुठेही नाही. त्याने काहीच केले नाही. लाझर दाराशी पडून होता आणि याचे जेवण चालू होते. मदतीत चुका होतात म्हणून मदतच न करणे हा निर्दोष मार्ग आहे, असे आपल्याला वाटू शकते. प्रभू येशूने ती पळवाट बंद करून ठेवली आहे.

मग योग्य वाट कोणती? मला ती चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात दिसते. या दाखल्याचा शेवट आपण घाईने वाचतो. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवले, एवढे सर्वांना पाठ असते. पण शोमरोनी तिथे थांबत नाही. तो त्या माणसाला उतारशाळेत नेतो, रात्रभर सांभाळतो, दुसऱ्या दिवशी तिथल्याच माणसाच्या हाती दोन दीनार देतो आणि अधिक खर्च झाला तर परत येताना फेडीन असे सांगून निघतो. त्याने तीन गोष्टी केल्या. स्थानिक माणसावर विश्वास ठेवला. पुढच्या खर्चाचा विचार केला. आणि परत येण्याचा शब्द दिला. हातपंपाच्या भाषेत सांगायचे तर त्याने पंपाबरोबर मेकॅनिक, सुटे भाग आणि पुढच्या वर्षाची फेरी यांचीही सोय केली. आणि जखमी माणसावर स्वतःच्या नावाची पाटी लावली नाही!

पाटीवरून आठवले. आपल्या चर्चमध्ये पंख्यांवर, बाकांवर, दिव्यांवर दात्यांची नावे आहेत. प्रियजनांच्या स्मरणार्थ लिहिलेल्या त्या नावांना मी दोष देत नाही. परंतु परक्या गावच्या विहिरीवर आपल्या धर्मग्रामाचे नाव कोरले, तर पाणी भरणारी बाई रोज ते नाव वाचेल आणि ही विहीर आपली नव्हे हे तिला रोज समजेल. उजव्या हाताचे डाव्या हाताला कळू नये, ही प्रभूची शिकवण इथे फार व्यवहारी ठरते.

तेव्हा माझे मत स्पष्ट सांगतो. प्रस्ताव चांगला आहे आणि तो व्हावा. मात्र मिशन कार्यालयाकडे रक्कम देण्याआधी आपल्या तरुणांनी चार प्रश्न लेखी विचारावेत. ही विहीर कोणी मागितली, गावाने की बाहेरच्या कोणी? गाव स्वतः त्यात काय घालणार आहे, श्रम, जागा की थोडी रक्कम? पंप बिघडला तर कोण दुरुस्त करणार, आणि त्याच्या शिक्षणाचा खर्च आपल्या रकमेत धरला आहे का? दोन वर्षांनी तो चालू आहे की नाही, हे आपल्याला कोण कळवणार? उत्तरे यायला वेळ लागेल. पुनरुत्थानाच्या सणापर्यंत काहीच दाखवण्यासारखे हाती नसेल. तरुणांना दूरची गरज चटकन दिसते, ही त्यांना लाभलेली देणगी आहे. वाट पाहणे त्यांना जड जाते. ते शिकणे हाही प्रायश्चित्तकाळाचाच उपवास समजावा.

आणखी एक विनंती. निधीसाठी जे फलक लावाल त्यांवर रडणाऱ्या, उघड्या मुलांची चित्रे नकोत. आपल्या आजोबांचे सुकडीच्या रांगेतले छायाचित्र परदेशातल्या कोणा चर्चच्या दारावर लावलेले आपल्याला आवडले असते का? चित्र हवेच असेल तर पंप दुरुस्त करणाऱ्या बाईचे लावा.

ज्येष्ठांनाही सांगणे आहे. मोखाड्याची आठवण तुम्ही काढलीत, तर ती अपुरी ठेवू नका. मुलांनी एका गावासाठी उपवास करावा आणि आपण मोठ्यांनी दुसऱ्या गावासाठी. चारही प्रश्न तिथेही विचारावेत. तिथे तर आपल्याला स्वतः जाता येईल, भाषा समजेल आणि लोक आपल्याविषयी काय म्हणतात तेही ऐकता येईल.

शेवटी, शोमरोनी परत आला की नाही, हे येशूने सांगितलेले नाही. उतारशाळेचा हिशेब उघडाच राहिला आहे. पुष्कळ संतांनी आणि अनामिक माणसांनी तो आपापल्या काळात थोडा थोडा फेडला. लियोंच्या त्या कामगार मुलींनी आठवड्याला एक नाणे घालून फेडला. आता आपली पाळी आहे. देताना आपली मान ताठ होऊ नये आणि घेणाऱ्याची खाली जाऊ नये, एवढी कृपा या पवित्र काळात प्रभूने आपल्याला द्यावी.

प्रभूमध्ये आपला,
फादर